सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग: सायकल, तंबू आणि काटे (प्रकल्प नोंदी)

मार्ग असा ठरला: सोलापुरातून हिप्परगा, तामलवाडी, तिथून महामार्ग सोडून पाणंदींनी सिंदफळच्या अंगाला, घाट चढून तुळजापूर, मग नळदुर्गच्या दिशेनं दहा-बारा किलोमीटरवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग आणि हैदराबाद महामार्गानं परत. दोन माउंटन बाइक, सगळं सामान सायकलवरच, मागं गाडी नाही.

सह्याद्रीतल्या फेऱ्यांसाठी केलेल्या याद्या इकडं अर्ध्याच कामाच्या. तिकडं भीती चढाची आणि पावसाची. इकडं सोलापूर साधारण ४६० मीटरवर, तुळजापूर सुमारे ६४० मीटरवर, म्हणजे दम काढणारा चढ एकच आणि तोही बेताचा. दिवस खातात ते काटे आणि काळी माती. म्हणून तयारीतला बहुतेक वेळ आणि पैसा टायरवर गेला आहे. नोंदींमध्येही टायरच जास्त दिसतील.

तारखेबद्दल. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला तुळजापुरात सायकल टेकवायलाही जागा मिळत नाही. पौषात शाकंभरी नवरात्र, संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. म्हणून डिसेंबरातला शनिवार-रविवार धरला, २१ आणि २२. या दिवसांत वारं बहुतेक ईशान्य-पूर्वेकडून असतं. जाताना ते तोंडावर येतं, नळदुर्गहून परतताना पाठीवर. उलटी फेरी केली तर महामार्गावरचे पन्नासेक किलोमीटर वाऱ्याशी भांडण्यात जातात.

१ डिसेंबर – टायर

पहिली सायकल २९ इंची, रिम ट्यूबलेसची (आत ट्यूब नाही, हवा थेट टायरमध्ये), टायर २.२५ इंच रुंदीचे. रिमची आतली रुंदी २५ मिमी, स्पोकची भोकं बुजवायला रिमवर लावायची टेप २८ मिमीची घेतली. टेप रिमच्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त हवी, नाहीतर कडेनं हवा स्पोकच्या भोकांत जाते आणि गळती कुठून होतेय ते सापडत नाही. जुनी टेप काढली, रिम स्पिरिटनं पुसली, नवी टेप ताणून बसवली आणि व्हॉल्व्हच्या भोकावर वीतभर दुहेरी केली. भोक ब्लेडनं पाडू नये, चीर पुढं पळते. दाभण तापवून पाडलं की कडा वितळून बंद होतात.

साध्या उभ्या पंपानं टायर रिमवर बसेना. साबणाचं पाणी लावून, व्हॉल्व्हची पिन काढूनही मागचा बसला नाही, दीड तास गेला. शेवटी आत ट्यूब घालून फुगवला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी एकच बाजू उघडून ट्यूब काढली, दुसरी बाजू जागेवरच राहिली, मग त्याच पंपानं बसला. कॉम्प्रेसर शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं. सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारं पातळ द्रव, प्रत्येक टायरला १२० मिली. बाटलीवर बऱ्याचदा याहून कमी लिहिलेलं असतं, पण इकडच्या काट्यांना आणि कोरड्या हवेला ते पुरत नाही.

दुसरी सायकल २७.५ इंची, रिम साधी. तिला ट्यूबलेस करण्याचा खटाटोप केला नाही. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या जाड ट्यूब घेतल्या, पिन काढून प्रत्येकीत ८० मिली सीलंट सोडलं. बाटलीच्या नळीनं ओतताना सीलंटमधले कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात. मेडिकलमधली ५० मिलीची सिरिंज सुई न लावता वापरली आणि बाटली आधी मिनिटभर जोरात हलवली, की अडकत नाही.

खर्च: सीलंट अर्धा लिटर ₹७००, टेप ₹३५०, ट्यूबलेस व्हॉल्व्हची जोडी ₹५००, पंक्चरच्या भोकात कोंबायच्या दोऱ्या आणि टोचा ₹२५०, जाड ट्यूब दोन ₹५६०, सिरिंज ₹३०. उरलेलं १०० मिली सीलंट छोट्या बाटलीत सोबत नेण्यासाठी.

८ डिसेंबर – पूर्ण ओझ्यानिशी चाचणी, हिप्परगा

एकरूख तलावाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर ३५ किलोमीटर. सामान फेरीच्या दिवशी असेल तेवढंच, प्रत्येक सायकलवर बारा किलो.

मागच्या रॅकचा डावा बोल्ट अठराव्या किलोमीटरला पडला. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड आवळणारा भाग) आडवा येतो म्हणून तिथं रॅकचा पाय बाहेर काढलेला आहे, मध्ये १० मिमीची बुश. त्यामुळं बोल्टवर नुसता ताण येत नाही, तो वाकतोही, आणि खडखडाटानं सैल होतो. झिप टायनं बांधून घरी आणला. झिप टाय खाली बसलेल्या ओझ्याला दहा किलोमीटर टिकतो, त्यापुढं भरवसा नाही.

हँडलवरची तंबूची गुंडाळी गिअरच्या केबलवर बसत होती. केबल मुडपली की गिअर आपोआप पडतात. डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) सेट करून करून वेळ जातो आणि दोष तिथं नसतोच. गुंडाळी काढल्याबरोबर गिअर सरळ चालले, तेव्हा उलगडा झाला.

काटे: परतल्यावर पहिल्या सायकलच्या मागच्या टायरमध्ये सराट्याचे अकरा, बाभळीचे दोन. हवेचा दाब २६ वरून २४ पीएसआय, बस्स. दुसऱ्या सायकलची पुढची ट्यूब एकदा बसली. सीलंट होतं, पण बाभळीचा काटा एका बाजूनं शिरून ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूपर्यंत गेला होता. तिथं चाक फिरतानाही सीलंट पोचत नाही. ट्यूबवाल्या सायकलचा हा कच्चा दुवा कायमचा, त्यावर इलाज नाही. सुटी ट्यूब लागतेच.

१४ डिसेंबर – दुरुस्त्या

रॅकला एम-५ चे (५ मिमी जाडीचे) लांब बोल्ट घातले, पलीकडून नायलॉनची नट आणि आट्यांवर निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळून ₹९०. बाटलीचे जादा पिंजरे फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर) जुबली क्लिपनं, म्हणजे पाइप आवळायच्या पत्र्याच्या क्लिपनं, बसवले. क्लिपखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, नाहीतर फोर्कचा रंग तर जातोच, क्लिपही घसरते.

तंबूची गुंडाळी हँडलपासून तीन सेंटिमीटर पुढं आली पाहिजे. बाजारात त्यासाठी महाग स्टँड मिळतात. इथं पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पट्ट्यात ओवून मध्ये ठेवले, केबल मोकळ्या.

डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला लटकवणारा तुकडा, हा भाग प्रत्येक मॉडेलला वेगळा. दुसऱ्या सायकलचा सोलापुरात मिळाला नाही, पुण्याहून मागवला. ₹४५० आणि पाच दिवस. आला एकदाचा. हा भाग जवळ नसताना काळ्या रानात शिरू नये. कारण २१ तारखेच्या नोंदीत.

२० डिसेंबर – भरणी

खाणं: कडक भाकरी बारा, शेंगा चटणी पाव किलो, गूळ, खारीक. कडक भाकरी नासत नाही, शिजवावी लागत नाही आणि दह्यात मोडून दहा मिनिटं ठेवली की मऊ होते. दही कुठल्याही गावात मिळतं. भाकरीचा चुरा होऊ नये म्हणून स्टीलच्या ताटलीवर रचून कापडात घट्ट बांधून रॅकवर सपाट ठेवली. उभी ठेवली तर संध्याकाळी चमच्यानं खावी लागते. स्टोव्ह आणि गॅस रद्द केला. सगळं रान वाळलेलं, शेजारी कडब्याची गंज, अशा ठिकाणी ज्योत नकोच. शिवाय किलोभर वजन वाचलं.

पाणी: दोघांचं मिळून नऊ लिटर. थंडीतही कच्च्या रस्त्यावर तासाला अर्धा लिटर लागतं. मोठी पिशवी रॅकवर ठेवली तर चढाला पुढचं चाक उचलतं. पिशवी फ्रेमच्या त्रिकोणात, बाटल्या फोर्कवर. सोबत पाच रुपयांची दहा नाणी, गावोगावच्या पाण्याच्या एटीएमसाठी.

झोपायला हवेची गादी नाही, फोमची. चादर न्यायचा मोह सोलापूरकराला होणारच, पण ती दव पिऊन सकाळी दुप्पट जड होते आणि वाळायला दुपार लागते. दहा अंशांची साधी स्लीपिंग बॅग पुरते.

हवा: पहिल्या सायकलला पुढं २३, मागं २७ पीएसआय. ट्यूबवाल्या सायकलला पुढं ३२, मागं ३८. कमी ठेवली तर दगडावर ट्यूब चिमटते.

२१ डिसेंबर – मुख्य दिवस

६:५०. उजाडताना सुरुवात. सूर्य त्याच सुमाराला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, हाताशी अकरा तास. तामलवाडीपर्यंतचे वीस किलोमीटर महामार्गाच्या कडेनं, तिथं कसब दाखवण्यासारखं काही नाही. फक्त गाळपाचा हंगाम आहे. दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चालतात आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरतं. आरसा लावलेला बरा.

८:१५, तामलवाडी. पोहे, चहा, ₹८०. महामार्ग सोडायच्या आधी दोन्ही सायकलींची साखळी पुसून मेणाचं वंगण. तेलकट वंगण काळी धूळ धरतं आणि तासाभरात त्याची कानस होते.

८:४५ ते ९:४०. पाणंद चांगली, मुरूम टाकलेला, ताशी तेरा किलोमीटर. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवायला आलेली.

९:४०. इथं दिवसाचं गणित मोडलं. नकाशावर रस्ता सरळ, उपग्रहाच्या चित्रातही कोरडा ठणठणीत. पण कडेच्या उसाला पाणी सुटलेलं होतं आणि बांध फुटून ते पाणंदीत आलेलं. साठ-सत्तर मीटर चिखल. काळी माती ओली झाली की टायरला थर चढतो, थराला कडबा चिकटतो आणि फोर्कच्या कमानीत जाऊन चाक थांबतं. पुढची सायकल वीस मीटरवर थांबली. दुसरी पायंडलवर जोर देऊन रेटली गेली, तेवढ्यात मागच्या डिरेलरमध्ये चिखलाचा गोळा अडकला, साखळीनं त्याला ओढलं आणि हँगर आत वाकला. डिरेलर स्पोकपासून बोटभरसुद्धा लांब नव्हता.

अशा ठिकाणी करायचं ते इतकंच: चाक अडखळलं की पहिल्या क्षणाला उतरायचं. ढकलायचीही नाही, ढकललं तरी थर चढतोच. सामान काढून सायकल खांद्यावर, दोन खेपा. चिखल ओला असतानाच तंबूच्या खिळ्यानं आणि जुन्या उलथण्यानं खरवडायचा. ‘वाळला की पडेल’ हे खोटं, वाळला की छिन्नी लागते. बाटलीतलं पाणी धुण्यावर घालवू नये. अर्धा लिटर फक्त डिरेलरच्या चाकांवर आणि ब्रेकच्या पॅडवर.

हँगर हातानं सरळ करता येतो, ॲल्युमिनियमचा असल्यानं एकदा वाकतोही. पण तो पुढच्या खड्ड्यात तुटतो आणि तुटताना डिरेलर चाकात जातं. म्हणून बदलला. मागचं चाक काढलं, डिरेलर ५ च्या ॲलन कीनं सोडवलं, जुना हँगर ४ च्या कीनं. नवा बसवताना बसायच्या जागेवरची माती कापडानं पूर्ण पुसली. एक कण राहिला तरी हँगर तिरका बसतो आणि गिअर दिवसभर कुरकुरतात. एकूण गेलेला वेळ एक तास दहा मिनिटं, त्यातली हँगरची पंचवीस, बाकीची खरवडण्याची.

यानंतर नियम ठरवला: उसाचा पट्टा दिसला की एकानं पुढं चालत जाऊन पाहायचं. ज्वारीच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या रानात ही भीती कमी.

११:२०. पाणंद संपली. पुढं काट्यांची झाप आडवी टाकलेली, ढोरं शिरू नयेत म्हणून शेतकऱ्यानं वाट बंद केलेली. झाप उचलून जाता येतं, पण तीच जागा सगळ्यात वाईट. तोडलेल्या बाभळीचे वाळके काटे दहा-दहा मीटरवर पसरलेले असतात. सायकली उचलून पलीकडं नेल्या, झाप होती तशी परत लावली. तरी ट्यूबवाल्या सायकलचं मागचं चाक दोनशे मीटरवर बसलं.

ट्यूब बदलताना बाहेरून काटा काढला तरी त्याचं टोक मोडून टायरच्या आत राहतं. बोटाला लागत नाही आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला, दोन ठिकाणी कापूस अडकला. चिमट्यानं टोकं ओढून काढली. पस्तीस मिनिटं.

ट्यूबलेस सायकलच्या टायरमध्ये त्याच जागी चार काटे. सराट्याचे आणि बारीक काटे काढायचेच नाहीत, संध्याकाळपर्यंत तसेच राहू द्यायचे, भोवतीनं सीलंट धरतं. बाभळीचा लांब काटा मात्र टायर वाकताना भोक मोठं करत जातो. तो उपटायचा, लगेच भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबायचं, फुसफुस थांबली की चार-पाच पीएसआय हवा घालून निघायचं. पंक्चरच्या दोरीची गरज एकदाही पडली नाही.

१२:१०. वाटेतल्या गावात पाण्याचं एटीएम. पाच रुपयाला येतं ते आपल्या बाटल्यांत मावत नाही आणि मध्ये बंदही होत नाही. आधी पिशवी, मग बाटल्या असं लावून उभं राहावं, उरलेलं रांगेतल्या कुणाच्या घागरीत. शेतातल्या विहिरीचं पाणी डोक्यावर ओतायला ठीक. प्यायला फिल्टर लावूनही टाळलं, खतांचा अंश फिल्टर काढत नाही.

१:२५, सिंदफळची बाजू. पुन्हा डांबरी. घाटाचा चढ सगळ्यात लहान पुढच्या चकतीवर, २२ दात्यांच्या, मागं ३४. ताशी सहा. चढाला उसाचे ट्रॅक्टर आपल्याच वेगानं जातात, त्यांच्या मागं चिकटून राहू नये. ट्रॅक्टरचा गिअर सुटला तर ट्रॉली मागं येते. थांबून पुढं जाऊ द्यावं.

२:२०, तुळजापूर, ५० किलोमीटर. जेवण दोघांचं ₹२४०. सामानासकट सायकली गर्दीत न्यायच्या नसतील तर देवळाच्या खालच्या रस्त्यांत न शिरता बाहेरच्या बाजूला थांबावं.

३:१५. नळदुर्गच्या दिशेला पठार, वारं कडेचं, रस्ता डांबरी. इथं दिवसातला सगळ्यात चांगला वेग मिळाला, ताशी सतरापर्यंत. ४:१५ ला मुक्कामाचा शोध सुरू. याला उशीर करू नये. अंधारात आलेल्या दोन अनोळखी माणसांना कुणी रानात ठेवून घेत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतंही नाही.

रस्त्याकडेच्या वस्तीवर विचारलं. खालची सपाट जागा, गवत मऊ, बघायला नामी. वस्तीवरचे मामा म्हणाले, “पाव्हणं, तिकडं नगा लावू. या आठवड्यात लाइट रातचीच हाय, दोन वाजता दारं धरायचीत. पाणी सगळं तिकडंच उतरतंय. वर मुरमावर लावा.” दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं, आणि शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीनं येते. मुक्काम ठरवण्याआधी ‘लाइट कधी हाय’ हा पहिला प्रश्न.

मुरमावर तंबूसोबत आलेले ॲल्युमिनियमचे खिळे दोन ठोक्यांत वाकले. हार्डवेअरमधले सहा इंची लोखंडी खिळे, किलोच्या भावानं घेतलेले, दगडानं ठोकले तसे बसले. काळ्या रानात उलट: भेगाळलेल्या मातीत छोटा खिळा धरतच नाही, तिथं दोरी सायकलला किंवा बाभळीच्या बुंध्याला. तंबूच्या आधी जागा बुटानं आणि मग फांदीनं झाडली, ताडपत्री अंथरली. झाडूनही सकाळी ताडपत्रीत सराटे निघाले. हवेची गादी असती तर रात्र जमिनीवरच गेली असती.

दिवसाचा हिशेब: ६२ किलोमीटर, सायकलवर प्रत्यक्ष सहा तासांच्या आत. चिखल, हँगर आणि काट्यांत पावणेदोन तास. खर्च पाणी धरून ₹३३०.

२२ डिसेंबर

पहाटे दोनला मोटार सुरू झाली. खालच्या मऊ गवतात सकाळी घोटाभर पाणी.

नळदुर्गपर्यंत डांबरी, कडेचं वारं. किल्ल्यातला पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे. नर-मादी धबधब्यांसाठी मात्र पावसाळ्यात यावं लागतं. सामानासकट सायकली दारावर सोडून दोघांनी आळीपाळीनं आत जाणं हाच मार्ग, त्यात दोन तास धरावेत.

परतीचे पन्नासेक किलोमीटर महामार्गानं, वारं पाठीवर, तीन तास. कडेच्या पांढऱ्या पट्टीबाहेर फुटलेल्या ट्रक टायरच्या तारा पडलेल्या असतात. इटकळच्या पुढं त्यातलीच एक ट्यूबलेसमध्ये शिरली. तार बारीक, भोक बारीक, पण ती चाक फिरताना आतबाहेर होत राहते आणि सीलंटला धरू देत नाही. पक्कडीनं उपटल्यावर दोन फेऱ्यांत बंद. दहा मिनिटं.

२४ डिसेंबर – परतल्यावरची कामं

पहिल्या सायकलचे काटे आता काढले. मागच्या टायरचे एकोणीस निघाले, त्यातल्या तीन भोकांना पुन्हा फुसफुस लागली. हवा अर्धी करून चाक आडवं ठेवलं, बंद झालं. पट्टीनं पाहिलं तर सीलंट १२० मधलं साठेकच उरलेलं, ६० नवं घातलं. व्हॉल्व्हच्या पिनीवर रबराची गाठ धरलेली होती. पिन बदलली, ₹४०. सायकल उभी करताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवला तर गाठ कमी धरते.

दुसऱ्या सायकलचा वाकलेला हँगर पुन्हा सरळ केला नाही, भंगारात. नवा मागवलाय. रॅकचे बोल्ट तपासले, एकही हललेला नाही. पुढच्या फोर्कच्या सीलखाली काळ्या मातीची रेघ आहे. ओल्या कापडानं पुसली, प्रेशरनं धुतली नाही, पाणी आत जातं.

बाकी: मागचे ब्रेक पॅड पहिल्या सायकलचे घासून पातळ झालेत, चिखलानं. मार्चच्या आत बदलायचे, आणि त्याच वेळी दोन्ही सायकलींचं सीलंट पुन्हा बघायचं. उन्हाळ्यात ते दोन महिन्यांतच वाळतं.